नायकीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात बदली कामगार होती. पहाटे दारावर उभे राहायचे. काम मिळणे नायकिणीच्या मर्जीवर. पुरुषांचा जसा जॉबर, तशी बायकांची नायकीण. मर्जी राखण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ पासून गिरणीमालक बदली कामगारांना कार्डे देऊ लागले. जॉबरचे वर्चस्व त्याने पुरते मोडले नाही, पण कमी होऊ लागले.

गतवर्षी माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचे मुलाच्या तापामुळे दोन खाडे झाले. मी पैसे कापले. त्यांनी मुकाट्याने उरलेले पैसे मोजून घेतले, तेव्हा मला आजी आठवली. नायकीण मीच झाले होते! दुसऱ्या दिवशी ते पैसे मी त्यांना दिले.

भगिनींनो, कचेरीत पगारी रजा मागणाऱ्या आपण घरी मालकिणी आहोत. ठरल्या तारखेला पगार, महिन्याच्या ठरलेल्या सुट्या, आजारपणात खाडा न धरणे, एवढे कागदावर लिहून द्यावे. माझ्या घरचा कागद मी लिहिला आहे. पुढील सभेस आपणही आपला आणावा, ही विनंती.