आत शिकून आलेली बाई

आज आम्ही तुरुंगातल्या शिक्षणाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना तुरुंगाशी काय करायचंय? आम्हालाही तसंच वाटायचं. पण आमच्या गावची एक बाई शिक्षा भोगून परत आली आणि हा प्रश्न थेट आमच्या बैठकीत येऊन बसला.

तिचं नाव आम्ही सांगणार नाही. आत गेली तेव्हा ती अंगठा लावायची. परत आली ती सही करत, पोथी वाचत, मशीनवर ब्लाऊज शिवत. "मला गटात घ्या," म्हणाली. आम्ही साऱ्या गप्प. एक ताई म्हणाली, "बँकेचे साहेब काय म्हणतील?" आम्ही विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती काही न बोलता उठून गेली. तिचं ते जाणं आम्हाला अजून टोचतं.

मग आम्ही माहिती काढली. येरवड्यासारख्या मोठ्या कारागृहांत साक्षरता वर्ग असतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं शिक्षण आत बसून घेता येतं, पदवीसुद्धा मिळवता येते. शिकून पास होणाऱ्या शिक्षा झालेल्या बंद्यांना नियमाप्रमाणे शिक्षेत सूट मिळू शकते. शिवणकाम, सुतारकाम शिकवतात, कामाची मजुरी मिळते. आपल्या शेजारी पैठणला खुलं कारागृह आहे, तिथं बंदी शेती करतात.

आणि हे ऐका, हे आपल्या कामाचं आहे. १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, जामीनदार नाही. हप्ता त्याच्या मजुरीतून जातो आणि पैसा घरच्यांच्या गरजेला येतो. बँकेनं त्यांच्या कष्टावर भरवसा ठेवला. आणि आम्ही? आम्ही तिला बसायला सतरंजीसुद्धा दिली नव्हती.

तुरुंगात शिकणं काही नवं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. 'श्यामची आई'सुद्धा गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगातच लिहिली. ते देशासाठी आत गेले होते, त्यांची गोष्ट वेगळी. पण बंद दाराआडही माणसाचं मन वाढतं, एवढं तर त्यातून कळतं.

आता आपण काय करायचं? गावातलं कुणी आत असेल तर त्याच्या घरी जायचं. शाळा सोडल्याचा दाखला पेटीत पडला असेल तर तो शोधायला मदत करायची. आत प्रवेश घेताना तो कामी येतो. सोप्या, मोठ्या अक्षरांत पत्र लिहायचं. नव्यानं वाचायला शिकलेल्याला घरच्या पत्राएवढं दुसरं पुस्तक नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. बायांना आणि कोठडीतल्या माणसांना तिथं मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी चालतो.

आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे परत आलेल्या माणसाला जागा द्यायची. आत शिकलेलं बाहेर वापरायला मिळालं नाही, तर त्या शिकण्याचा काय उपयोग?

पुढच्या बैठकीत आम्ही तिच्या घरी निरोप धाडला. ती आली. एक-दोघी अजूनही तिच्याशी मोकळं बोलत नाहीत, ते खोटं कशाला सांगा? पण तिनं गटाचं कर्ज घेऊन जुनी मशीन घेतली आणि आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. औंदा कोयता घेऊन कारखान्यावर जायची पाळी तिच्यावर आली नाही. दिवाळीआधी आमचेच ब्लाऊज तिनं शिवून दिले.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं एखादं घर असेल. येत्या बैठकीत त्या घराचा विषय काढा.