मुकी काडतुसे

चंडीगडहून पिंजौरला निघालेला रसिक वाटेत चंडीमंदिरची लष्करी छावणी मागे टाकतो आणि औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात रचलेल्या बागेत शिरतो. शस्त्र आणि शोभा यांचा हा शेजार जुन्या बाजारातल्या एखाद्या वस्तूतही आढळतो. काडतुसे जोडून केलेला दिवा, तोफेच्या पुंगळीची फुलदाणी, ही त्याची उदाहरणे.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) सैनिकांनी आणि कारागिरांनी रिकाम्या पुंगळ्यांतून अशा पुष्कळ वस्तू घडविल्या. पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. बार उडताना ते फाटत नाही, ताणले जाते. म्हणूनच हातोडीलाही वश होते. आत राळ किंवा शिसे ओतून ठशांनी पानेफुले उठवीत. राळेवरचे हे काम आपल्या सोनारांना परके नाही.

सरावाच्या निर्जीव काडतुसात दारू नसते. पुष्कळदा त्याच्या अंगाला मुद्दाम भोके पाडलेली असतात. परंतु केवळ रूपावरून निर्णय करणे हे गृहस्थाचे काम नव्हे. शंका येताच वस्तू हलवू नये, उघडू नये, तापवू नये, पोलिसांस कळवावे.

नेकचंद यांनी फुटक्या बांगड्यांतून आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून उभारलेले चंडीगडचे शिल्पोद्यान १९७६ साली लोकांसाठी खुले झाले. बांगडीचा तुकडा निरुपद्रवी असतो. काडतूस मात्र कायमचे मुके झाल्याची खात्री पटल्यावरच घरात शोभते.