भरपाई कोणाला मिळाली?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी बजावले होते, की इतिहासावर बोला, पण सनावळ्या नकोत. सनावळ्यांशिवाय इतिहास म्हणजे अळणी आमटी. तेव्हा चार-दोन सनावळ्या आज सहन कराव्या लागतील.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये कायदा करून साम्राज्यातील गुलामगिरी रद्द केली, हे वाक्य आपण परीक्षेत लिहिले आहे. वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. त्याच कायद्यात २ कोटी पौंडांच्या भरपाईची तरतूद होती. ब्रिटिश सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम. ही भरपाई मिळाली कोणाला? पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या मळ्यांत राबलेल्यांना नव्हे. ती मिळाली त्यांच्या मालकांना, ‘मालमत्ता’ गेली म्हणून. मुक्त झालेल्या सुमारे आठ लाख माणसांच्या हाती एक पेनीही पडली नाही. उलट सहा वर्षांखालची मुले सोडली, तर बाकीच्यांना ‘शिकाऊ कामगार’ असे नाव देऊन आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे बिनपगारी राबवले गेले.

सरकारी पैसा वाटायचा म्हणजे कागद आले. कोणाकडे किती गुलाम, त्यांत शेतावरचे किती, घरकामाचे किती, लहान मुले किती, म्हातारे आणि आजारी किती, आणि प्रत्येक वर्गाचा दर काय, याच्या याद्या झाल्या. सुमारे ४६ हजार दावे आले. हे सगळे दप्तर लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील इतिहासकार कॅथरीन हॉल, निकोलस ड्रेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून हे दावे एकेक करून तपासले आणि २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. पैसे वाटण्यासाठी केलेली नोंद त्यांनी उलट्या बाजूने वाचली. हा पैसा घेणारे कोण होते, आणि पुढे तो कुठे गेला, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर ब्रिटनला अवघड जाणारे होते. गुलामांचे मालक म्हणजे दूर बेटांवरचे चाबूकवाले मळेवाले, अशी समजूत होती. याद्यांत निघाले ब्रिटनमधले पाद्री, खासदार, बँकवाले, आणि दोन-चार गुलामांच्या उत्पन्नावर जगणाऱ्या विधवासुद्धा. पैसा रेल्वेत गेला, बँकांत गेला, हवेल्यांत आणि चित्रसंग्रहांत गेला. भरपाईसाठी सरकारने काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग फिटला २०१५ मध्ये. म्हणजे गुलामांचे जे वंशज वेस्ट इंडीजमधून ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाले, त्यांच्याही करातून आपल्या पूर्वजांच्या मालकांचे देणे फिटत होते!

तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? संबंध आहे. याद्यांतले एक मोठे नाव जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील. अडीच हजारांहून अधिक गुलामांबद्दल त्यांना एक लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. शिकाऊ कामगारांची मुदत संपत आली, तेव्हा मळ्यांवर राबणार कोण? १८३६ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र लिहून मजूर मागवले. १८३८ मध्ये सुमारे ४०० हिंदी माणसे घेऊन दोन जहाजे ब्रिटिश गयानाला पोचली.

मॉरिशसमध्ये हे आधीच सुरू झाले होते. तिथे १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक गुलामांपोटी मालकांना सुमारे २१ लाख पौंड मिळाले. पण त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढच्या सुमारे ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकवतात. आपल्याला याचा अभिमान वाटतो, वाटावाही. पण ती माणसे ज्या मळ्यांत उतरली, तिथे त्यांच्याआधी कोण राबत होते, हेही सांगायला हवे.

गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे. मजुराला करार होता, मजुरी होती, मुदत होती. पण मळा तोच, मालक तोच, आणि सवयीही त्याच. मॉरिशसमध्ये एका दिवसाचा खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

एक फरक मात्र फार खोल आहे. गिरमिटाच्या नोंदींत मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव लिहिलेले असे. त्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि मजुरांचे वंशज त्यांवरून आपले गाव शोधत इकडे येऊ शकतात. आफ्रिका आणि मादागास्करमधून धरून आणलेल्यांना नाव दिले मालकाने. त्यांच्या वंशजांनी शोधायचे ते कोणते गाव? मॉरिशसने २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला. गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींच्या परिणामांचा त्याने एकत्र विचार केला. वारसा म्हणजे पैसा आणि जमीन, तसा आपले मूळ सांगता येणे हाही वारसाच, ही गोष्ट तिथे नीट कळते.

आणि इथे, घरी? १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. हिंदुस्थानासाठी कायदा झाला १८४३ मध्ये, आणि गुलाम बाळगणे हा दंडनीय गुन्हा ठरला १८६० च्या दंडसंहितेने. कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवाईच्या कागदांत आहेत. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केले. दूरच्या अन्यायावर बोट ठेवताना त्यांची नजर आपल्या अंगणावर होती. आपण मात्र ब्रिटनने हिशेब द्यावा असे म्हणतो, आणि आपल्या वाड्यातले दप्तर बांधूनच ठेवतो.

म्हणून जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर जुनी दप्तरे असतील. मोडीतले दस्त, सावकारीच्या वह्या, खंडाचे हिशेब. घर पाडताना ती रद्दीत जातात. कृपा करून घालू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसे आहेत, त्यांना दाखवा. आणि वाचून घ्याल तेव्हा आपल्या पणजोबांचे नाव शोधाच, पण तेवढ्यावर वही मिटू नका. त्याच पानावर आकड्याच्या पुढे कोणाचे तरी अर्धवट नाव असेल. कुठे फक्त ‘बाई १’ असेल. ती कोण होती, तिचे पुढे काय झाले, हेही विचारा. उत्तर दर वेळी मिळेलच असे नाही. पण तो प्रश्न आपल्या घरात विचारला जायला हवा.