दुकान कोणाचं, घर कोणाचं?

(मुरबाड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इस्टेटीचा विषय काढला की घरात कोणीतरी म्हणतंच, "अब्बा अजून धडधाकट आहेत, आत्ताच कशाला?" माझं म्हणणं उलटं आहे. अब्बा धडधाकट आहेत तोवरच हे बोलायचं असतं. माणसाला हयातीत जे करता येतं, त्यातलं फार थोडं त्याला मृत्युपत्रानं करता येतं.

समजा, इथल्या बाजारपेठेत एकाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, शटर, गेट. आधी भाड्याची पत्र्याची शेड होती, पुढे जागा विकत घेतली. गावठाणात घर बांधलं. सरळगावच्या बाजूला वडिलांकडून आलेली २० गुंठे जमीन. बायको, दोन मुलगे, एक मुलगी. हिशेब सोपा जावा म्हणून सगळ्याची किंमत ४० लाख धरू. (हसू नका, कल्याण रस्त्याचे भाव मलाही माहीत आहेत.)

हा माणूस काहीच लिहून न ठेवता गेला. हनफी नियमानं आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरेल ते वारसांना. कर्जात बायकोचा न दिलेला मेहरही येतो. म्हणजे ती आधी धनको आणि मग वारस. इथं कर्ज नाही असं धरू. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांत मुलाला दोन वाटे, मुलीला एक. मुलांना १४-१४, मुलीला ७.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबारावर बहिणीचंही नाव लागतं, आणि मग तिला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं जातं. "तुझ्या लग्नात दिलं की." "माहेर हवंय की जमीन?" ती सही करते. शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, मुरबाडला एमआयडीसी आहे, फार्महाऊसचे प्लॉट पडतायत. भाव चढले की सहीची घाईही वाढते.

तिहेरी तलाकचा विषय निघाला की "शरियतला हात लावू नका" म्हणणारे बहिणीचे ७ लाख आले की गप्प का होतात? आणि ज्या १९३७च्या शरियत कायद्याचा आपण दाखला देतो, त्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे, हे तरी त्यांना ठाऊक असतं का? मुलीला अर्धाच वाटा का, हा माझा प्रश्न आहेच आणि तो मी सोडणार नाही. पण निदान जो सांगितलाय तो अर्धा तरी द्या.

आता थोरल्या मुलाचं बघू. तो दहावीनंतर दुकानात बसला. वीस वर्षं वेल्डिंगच्या झळा त्यानं सोसल्या, पगार कधी घेतला नाही. धाकटा ठाण्याला नोकरीला. अब्बा गेल्यावर दोघांना १४-१४. थोरल्याला हे अन्यायाचं वाटलं तर त्यात चूक काय? आपल्याकडे "वडिलोपार्जित आहे, माझा जन्मानंच हक्क आहे" असं सर्रास म्हणतात. मुस्लिम कायद्यात जन्मानं हक्क मिळत नाही. बाप जिवंत असेपर्यंत सगळं बापाचं. म्हणून धंदा आणि जागा यांचा हिशेब वेगळा ठेवायचा. मुलाला पगार द्या, नाहीतर भागीदारीपत्र करा. उधारीची वही त्याच्यासमोर उघडी ठेवा. म्हणजे त्याच्या कष्टाचा मोबदला बहिणीच्या वाट्यातून कापला जाणार नाही.

"मृत्युपत्र करून ठेवलंय" असं पुष्कळजण सांगतात. सुन्नी नियमानं वसियत फार तर एक तृतीयांशाची, आणि तीही वारसाच्या नावानं केली तर बाकीच्या वारसांची संमती लागते. राहतं घर बायकोला लिहून ठेवलेला कागद एका नाराज मुलापुढे टिकत नाही.

हिबाला ही मर्यादा नाही. हयातीत सगळं देता येतं, मुलीला मुलाइतकंही. तीन गोष्टी लागतात: देतो असं सांगणं, घेणाऱ्यानं स्वीकारणं आणि ताबा. तोंडी हिबाही चालतो, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये हफिजा बीबीच्या खटल्यात ते स्पष्ट केलंय. तरी माझा आग्रह नोंदणीकृत बक्षीसपत्राचा. घरच्या माणसांना राहतं घर किंवा शेतजमीन देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. लोक अडखळतात ते ताब्यावर. गाळा मुलीला दिला आणि भाडं अब्बाच घेत राहिले, तर उद्या भाऊ तो हिबा कोर्टात पाडू शकतो. आणि सगळंच देऊन टाकू नका. मुलं सांभाळतील ही अट कागदात लिहा, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातलं कलम २३ त्यासाठीच आहे.

ज्याला मुलगा नाही, दोन मुलीच आहेत, त्याचं काय? २४ वाटे केले तर बायकोला ३, मुलींना १६ आणि उरलेले ५ त्याच्या भावाला. केरळातल्या कासरगोडचे वकील सी. शुक्कूर यांना तीन मुली. त्यांनी आणि पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ रोजी विशेष विवाह कायद्याखाली आपल्या जुन्याच लग्नाची पुन्हा नोंद केली. त्यामुळे १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, ज्यात मुलगा-मुलगी समान, आणि मुलं असताना काका मध्ये येत नाही. फतव्याची भाषा झाली, पोलीस संरक्षण द्यावं लागलं. पण तो दरवाजा तुमच्या-माझ्यासाठीही उघडा आहे.

एक मात्र विसरू नका. बापाआधी मुलगा गेला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर गेलेल्याच्या पोरांना आजोबांच्या इस्टेटीत काहीच मिळत नाही. सुनेलाही नाही. इजिप्तनं १९४६ साली आणि पाकिस्तानानं १९६१ साली यावर कायद्यानं तोड काढली. आपल्याकडे अजून नाही. पण इथं वसियत कामाला येते. ही नातवंडं वारस नसतात, म्हणून एक तृतीयांशापर्यंत त्यांच्या नावानं लिहिता येतं, कोणाची संमती लागत नाही. घरात असं पोरकं लेकरू असेल तर आजोबांकडून हा कागद या महिन्यातच करून घ्या.

आज घरी गेल्यावर सातबारा, घराचा आठ नंबरचा उतारा आणि दुकानाचं खरेदीखत कुठं ठेवलंय ते बघा. अम्मीचा निकाहनामाही काढा, मेहर किती लिहिलाय आणि तिला तो मिळालाय का, हे तिलाच विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊ. मुलींनी आधी विचारा, मागे बसलात म्हणून गप्प राहू नका.