धंद्यात ए.आय.चा मदतनीस : एका वेळी एकच काम



आज मी खतं-बियाण्यांवर बोलणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा शेतीला जोडून लहानसा धंदा असतो. कुणाची रोपवाटिका, कुणाचं दूध संकलन, कुणाची पिठाची गिरणी, कुठं बचत गटाचा मसाला. अशा धंद्यात मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे सगळे ज्याला ए.आय. म्हणतात त्याचा, वापर कसा सुरू करावा ते सांगणार आहे. मी शेतकीचा पदवीधर, संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. पण गावोगाव फिरताना जे पाहिलं ते सांगतो.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्यानंतर तसेच आणखी मदतनीस निघाले. आता मराठीत नुसतं बोलून विचारलं तरी मराठीत उत्तर मिळतं. महाराष्ट्र शासनानंही २०२५ ते २०२९ या काळासाठी शेतीतल्या ए.आय.चं धोरण मंजूर केलं आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्या बांधापर्यंत आली आहे, हे मानूनच चालावं.

भाजीपाल्याची रोपवाटिका चालवणारं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. मालक ट्रे भरणं, पाणी, फवारणी बघतात. वही बाईंच्या हातात. मागच्या एका हंगामात त्यांची मोठी फजिती झाली. टोमॅटोचं रोप साधारण २५ दिवसांत लावणीला येतं, मिरचीला ३५ ते ४० दिवस लागतात. ऑर्डरी एकावर एक आल्या, तारखांचा घोळ झाला, आणि दोन्ही पेरण्या एकाच दिवशी झाल्या. टोमॅटोवाल्याचं रान तयार नव्हतं, तोवर रोपं जून झाली. ४० ट्रे उकिरड्यावर गेले. मिरचीवाला मात्र दारात उभा, आणि त्याचं रोप बोटभरही नाही. तो दुसरीकडं गेला तो गेलाच.

या धक्क्यानं त्यांनी काय केलं? एक विक्रेता आला, त्याच्याकडून बिलं, साठा, हिशेब, जाहिरात असं सगळं करणारी मोबाईलची योजना वर्षाचे पैसे भरून घेतली. तीन आठवड्यांत पासवर्ड विसरला आणि वही पुन्हा उघडली. मी त्यांना दोष देत नाही. ऐन हंगामात पाच नवी कामं एकदम कोण शिकणार? नव्या बैलाला पहिल्याच दिवशी कुणी चार एकर नांगरायला लावतं का?

मग आम्ही तिघं बसलो आणि एकच काम निवडलं : पेरणीची तारीख आणि ट्रेची संख्या. तेही फुकटात मिळणाऱ्या मदतनीसावर. बाई मोबाईलमध्ये बोलायच्या, “अमुक तारखेला ६,००० टोमॅटो रोपं द्यायची आहेत. रोप २५ दिवसांचं हवं. ट्रे ९८ कपांचा. मर धरून १० टक्के जादा पेरायचं. ट्रे किती आणि पेरणी कधी?” उत्तर येण्याआधी त्या वहीवर स्वतः हिशेब करायच्या. ६,६०० रोपं, भागिले ९८, म्हणजे ६८ ट्रे. एकदा यंत्रानं ६२ सांगितलं. दहा टक्के धरायचं ते विसरलं होतं. बाईंनी तिथंच पकडलं. पहिला महिना मी याचसाठी सांगतो, की ज्याचं उत्तर आपल्याला येतं तेच विचारा. त्यातून यंत्र कुठं घसरतं ते कळतं.

ही तारखांची यादी महिनाभर नीट चालली, मग उधारीची वही घेतली. पानाचा फोटो काढायचा आणि नावं-रकमांचा तक्ता करून मागायचा. इथं फार जपा, बंधूंनो. आपल्या हाताच्या अक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात. एका गिऱ्हाइकाचे १,२०० रुपये यंत्रानं ९,२०० वाचले. तसाच निरोप गेला असता तर पिढीजात संबंध तुटले असते. म्हणून एकानं वही वाचायची, दुसऱ्यानं तक्ता बघायचा, आणि मगच निरोप धाडायचा. वही टाकून तर मुळीच द्यायची नाही.

निरोप लिहिण्याचं काम मात्र यंत्र झकास करतं. पहिला निरोप “सन्माननीय ग्राहक महोदय” असा गेला, तेव्हा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, “ही कोर्टाची नोटीस आहे का?” नंतर बाईंनी यंत्राला सांगितलं, की आपण गावात बोलतो तसं, दोन ओळीत लिही. तेव्हा जमलं.

आता औषधांबद्दल. रोपांच्या मरीवर कोणतं औषध किती घ्यावं, हे मी स्वतः दोनदा शब्द फिरवून विचारून पाहिलं. दोन वेळा दोन वेगळी प्रमाणं आली, आणि दोन्ही अगदी ठासून सांगितलेली. यंत्राला चुकल्याची लाज नसते, आणि आवाजही बदलत नाही. तुमचं एक रोप मेलं तर तुमचं नुकसान, पण रोपवाटिकेत चूक झाली तर दहा घरांचं. म्हणून प्रमाण डब्याच्या लेबलावरचं आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलंच घ्यायचं. रोग ओळखायला फोटो दाखवा हवं तर, पण रोपही उपटून आम्हाला दाखवा.

गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुकं असलं काही त्यात घालू नये. ए.आय.च्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यावा. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पैसे भरून घ्यायची योजना हंगाम संपेपर्यंत घेऊ नका. फुकटातल्या मदतनीसानं आठवड्याचे किती तास वाचले ते वहीत मांडा, आणि मग ठरवा.

एका बैठकीत एका आजोबांनी विचारलं, “साहेब, पोरं हे शिकली तर माझ्या हिशेबाची गरज काय?” मी म्हटलं, आजोबा, ६२ चे ६८ कोण करणार? ते हसले, पण प्रश्न त्यांनी खराच विचारला होता. घरात मोबाईल नातवाच्या हातात असला तरी हिशेब जुन्या माणसासमोरच होऊ द्या.

त्या रोपवाटिकेत या हंगामात तारखांचा एकही घोळ झाला नाही. साठ्याचं काम अजून वहीवरच आहे. ते दिवाळीनंतर बघू असं ठरलं आहे. तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर धंद्यातलं सगळ्यांत जास्त डोकं खाणारं एक काम कागदावर लिहून गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या पुढच्या भेटीला घेऊन या. येताना वहीही आणा.