केसांची निगा : शिकेकाई, रिठा आणि शाळा

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



स्वच्छतेच्या पाठात दात, नखे व कपडे यांना जे स्थान मिळते, ते केसांना क्वचितच मिळते. नखे कापण्यास सांगितले की मूल दुसऱ्या दिवशी ती कापून येते. परंतु "डोक्यावरून न्हाऊन ये" असे सांगितले की घरी प्रश्न उभा राहतो, तो कशाने न्हावे हा. १९८० नंतरच्या काळात शांपूच्या लहान पुड्या खेडोपाडी पोचल्या. किराणा दुकानाच्या दारावर त्यांच्या माळा लोंबू लागल्या आणि केस धुणे म्हणजे शांपू लावणे, असा समज मुलांच्या मनात रुजला. ज्या घरी पुडी येत नाही, त्या घरचे मूल मग स्वत:स अस्वच्छ मानू लागते. हा समज दूर करणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. केस स्वच्छ राखण्यास पैशापेक्षा माहितीची गरज अधिक आहे, आणि त्या माहितीचा बराचसा भाग मुलाच्या आजीपाशी आहे.

शांपू हा शब्दही मूळचा परदेशी नव्हे. अंग चेपणे, रगडणे या अर्थाच्या हिंदी शब्दापासून तो इंग्रजीत गेला. १७५९ साली पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद हे इंग्लंडात ब्रायटन येथे अशा चंपीचे स्नानगृह चालवीत असत. १८२२ साली त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तकही प्रसिद्ध केले. केस धुणे हा अर्थ त्या शब्दास पुढे चिकटला.

आता केस मळतात कसे, हे पाहू. डोक्याच्या त्वचेत तेलकट द्रव स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. तो द्रव केसांना मऊ ठेवतो, परंतु धूळही धरून ठेवतो. नुसत्या पाण्याने ही तेलकट धूळ सुटत नाही, कारण तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. रिठ्याच्या सालीत व शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या कणाचे एक टोक तेलाशी सलगी करते, दुसरे पाण्याशी. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्याबरोबर वाहून जातात. साबण व शांपू यांचे कार्यही याच तत्त्वावर चालते. रिठ्याच्या वृक्षाचे शास्त्रीय नाव सॅपिंडस असे आहे आणि ते 'भारतीय साबण' या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून बनले आहे.

मग कपड्याचा साबण डोक्यास का लावू नये? केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले अतिसूक्ष्म खवले असतात. साबणाच्या क्षारधर्मी पाण्याने हे खवले उचलले जातात आणि केस खरखरीत होऊन गुंततात. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने केसांस सौम्य ठरते. दुसरे कारण पाण्याचे. राज्यातील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका तयार होतो व तो केसांना चिकटून राहतो. रिठ्याच्या पाण्याचा असा साका होत नाही.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. झाकणाच्या दोन बाटल्या गावच्या विहिरीच्या पाण्याने अर्ध्या भराव्यात. एकीत अंगाच्या साबणाचा थोडा कीस घालावा, दुसरीत रिठ्याचे पाणी. आणि दोन्ही सारख्याच हलवाव्यात. पाणी जड असेल तर पहिल्या बाटलीत फेस कमी व साका अधिक दिसेल. पावसाचे पाणी घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला म्हणजे फरकाचे कारण मुले आपणच सांगतील.

कृती अशी. पाच-सहा रिठे फोडून बी काढून टाकावे व साली अर्धा लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी त्या कुस्करून पाणी फडक्याने गाळून घ्यावे. शिकेकाईची दोन चमचे पूड दोन पेले पाण्यात उकळून, निववून, गाळून वापरावी. न गाळल्यास चोथा केसांत अडकतो. हवा असल्यास सुका आवळा त्यात टाकावा. मात्र भांडे लोखंडी असल्यास पाणी काळे पडेल, कारण आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग होतो. तयार पाणी लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. आठवड्यातून एकदा-दोनदा न्हाणे पुरेसे होते. शांपूइतका फेस येत नाही म्हणून केस निघाले नाहीत असे समजू नये. तेल मात्र बेताने लावावे; डोके तेलाने थबथबले असेल तर एका धुण्याने ते निघणार नाही.

काही सावधगिरीही सांगितली पाहिजे. हे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. लहान मुलाचे डोके मागे झुकवूनच ते ओतावे आणि डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. ते पोटात जाऊ देऊ नये. रिठ्याने मासे गुंगतात व मरतात, म्हणून ते ओढ्यात वा तळ्यात ओतू नये. पहिल्या खेपेस कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून पाहावे. खाज वा लाली आल्यास वापरू नये. नैसर्गिक ते सर्व निरुपद्रवी, हा समज शाळेतून पसरता कामा नये. तसेच ज्या घरी शांपू वापरतात, त्यांस दोष देण्याचेही कारण नाही. रिकामी पुडी ओढ्याकाठी टाकू नये, एवढे मात्र अवश्य सांगावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उवांची. शिकेकाईने वा रिठ्याने उवा मरतील असा भरवसा धरू नये. उवा स्वच्छ केसांतही होतात, कारण त्या डोक्याला डोके लागले की पसरतात. लिखा केसांना घट्ट चिकटलेल्या असतात आणि सुमारे ७ ते १० दिवसांत त्यांतून नव्या उवा निघतात. यास्तव ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे फिरवावी व घरातील सर्वांची डोकी त्याच वेळी पाहावीत. रॉकेल किंवा शेतातील कीटकनाशक डोक्यास कदापि लावू नये. त्याने त्वचा भाजते, विषबाधा होते आणि रॉकेल पेट घेते. फणीने न भागल्यास, तसेच डोक्यात चट्टे पडून केस गळू लागल्यास आरोग्य केंद्रात दाखवावे. डोक्यातील नायट्यास पोटात घेण्याचे औषध लागते, तो धुण्याने जात नाही.

उवा झालेल्या मुलीस निराळे बसविणे, वर्गासमोर तिचे नाव घेणे किंवा शिक्षा म्हणून तिची वेणी कापणे, हे प्रकार सर्वस्वी वर्ज्य होत. उवांनी मुलीची शाळा सुटत नाही, ती अपमानाने सुटते. डोके तपासावयाचे ते एकीकडे, शिक्षिकेने, आणि निरोप द्यावयाचा तो तिच्या आईस, हलक्या आवाजात. आईस उपदेशाआधी विचारावे की, घरी पूर्वी कशाने न्हात असत? ज्या बाईस आपल्याजवळचे काही सांगता आले, ती शाळेचेही ऐकून घेते.

या महिन्यात प्रत्येक वर्गाने एवढे करावे. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून न्हाण्याची कृती मापासह विचारून वहीत उतरावी, शिक्षकाने तीतील सावधगिरीच्या जागा दाखवून द्याव्यात आणि जागा असेल तेथे शाळेच्या आवारात रिठ्याचे एक रोप लावावे. त्याला फळ धरण्यास कित्येक वर्षे लागतील. परंतु डोके ताठ ठेवून वर्गात बसणारी मुलगी याच वर्षी दिसली पाहिजे.