सावली मोजणारी शाळा



अनुभवातून शिक्षण हा शब्दप्रयोग आज सर्वांच्या तोंडी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आला आहे. परंतु शब्द रुळला म्हणजे वस्तू रुळली, असे होत नाही. म्हणून तत्त्वचर्चा बाजूला ठेवून मी एका काठीपासून आरंभ करतो.

दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सारेच म्हणतो. सातवीतील मुलांना पटांगणात एक सरळ काठी रोवू द्या आणि अकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करू द्या. पुण्याच्या आसपास सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या आगेमागे पडलेली त्यांना दिसेल. ती पायाशी नाहीशी होण्याचे दिवसही वर्षातून दोनच : एक मेच्या मध्यास, दुसरा जुलैच्या अखेरीस, आणि हा दुसरा बहुधा ढगांत हरवतो.

मग मुले विचारतील, घड्याळ चुकले की सूर्य? येथे खरा भूगोल सुरू होतो. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचे. पुणे सुमारे चौऱ्याहत्तरावर. अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने चौतीस मिनिटे होतात. हे उदाहरण मुलांनी वहीत अनेकदा सोडविलेले असते. पटांगणात ते प्रथमच त्यांचे स्वतःचे होते.

मात्र काठी रोवली की शिक्षण झाले, असे कोणी समजू नये. अनुभवाचे महत्त्व जगाला सांगणाऱ्या जॉन ड्यूईनेच १९३८ साली 'अनुभव आणि शिक्षण' या आपल्या पुस्तकात बजावले, की प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. पाहिल्यावर नोंद हवी, नोंदीवर वाद हवा, वादातून नियम निघावयास हवा. ते घडवून आणण्यासाठीच शिक्षक लागतो. तेव्हा या पद्धतीत शिक्षकाचे काम हलके होते, हा समज सोडून द्यावा.

हा विचार आपल्याला परका नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी उद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, मुले गुरे सोडून शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून, शाळाच कुरणावर नेली.

आक्षेप ठरलेला आहे : वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम अपुरा, प्रयोगशाळा कोठली? याचे उत्तर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याने दिले. १९७२ साली तेथील सोळा माध्यमिक पूर्व शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकविण्यास प्रारंभ झाला. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पोचला. खेड्यांतल्या साध्या शाळा, चार-चार मुलांच्या टोळ्या आणि स्वस्त साहित्य. विशेष म्हणजे परीक्षाही बदलली : मुलांनी पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावी आणि प्रयोग करून दाखवावा.

तीस वर्षे चाललेला तो उपक्रम २००२ साली सरकारी निर्णयाने थांबला. यातून मी एवढेच घेतो, की कोणतीही चांगली पद्धत केवळ शिक्षकांच्या निष्ठेवर टिकत नाही. तिच्यामागे गाव उभे राहावे लागते.

म्हणूनच हा विषय शिक्षकांच्या सभेत न मांडता मी तुम्हा नागरिकांपुढे मांडतो आहे. मूल घरी आल्यावर आपण विचारतो, किती गुण मिळाले? वही किती भरली? शिक्षकाने तासभर मुलांना उन्हात सावली मोजायला लावली, तर दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन जाणारे आपणच असतो. पालकांचे भय हे शिक्षकाच्या पायातील पहिले बेड आहे, आणि ते काढणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

मेचा मध्य जवळ आला आहे. शाळांना तेव्हा सुटी असेल, सूर्याला नाही. आपापल्या गच्चीवर मुलांकडून एक काठी उभी करवून घ्या आणि उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नका.